ट्रॅक्टरच्या पुढची फळी

प्रिय आई,

मला भीती वाटतेय. हात मोकळे ठेवले की थरथरतात, म्हणून पेन धरलंय. आबा सायकलला कॅन अडकवून सुप्याला डिझेल आणायला गेलेत. ते परत आले की मला ट्रॅक्टरच्या पुढच्या फळीवर बसायचंय. तुझ्या फळीवर. जिच्यावर बसल्या बसल्या तू गेलीस, त्याच फळीवर.

अशा वेळी माणसानं कुणाला पत्र लिहावं, तूच सांग! चिमीच्या बाबांना कळवलं तर ते इंदापूरहून पहिली एसटी धरून येतील आणि मला दंडाला धरून घेऊन जातील. देवाला लिहायची मला सवय नाही. राहिलीस तू.

तुला वाचता येत नव्हतं, ते आहेच. माझ्या लग्नाआधी घरी आलेलं प्रत्येक पत्र मीच तुला वाचून दाखवायचे आणि तू चुलीपुढून म्हणायचीस, "परत म्हण की, मधलं ऱ्हायलं." तसंच समज. मी एकेक ओळ मोठ्यानं म्हणत लिहितेय. वरल्या रानाच्या बांधावर, निंबाखाली बसलेय, आणि इथं ऐकायला दुसरं कुणी नाही.

समोर म्हातारा उभा आहे. ट्रॅक्टरला हे नाव तूच ठेवलंस ना? काटेवाडीकडच्या बागायतदारानं त्याच्याकडून ऊस ओढवून ओढवून त्याचा जीव काढला आणि मग तो आपल्या दारात आला. त्याचा मूळ रंग कोणता होता, यावर तुझं आणि आबांचं कायम भांडण. तू निळा म्हणायचीस, आबा राखी. वर्षभर ताडपत्रीखाली होता. काल आबांनी ताडपत्री ओढली, हँडल मारलं, आणि तो खोकत खोकत सुरूही झाला! सुरू होऊ नये म्हणून मी घरात बोटं मोडत बसले होते. ऐकलं नाही त्यानं माझं.

मी तुझ्या वर्षश्राद्धाला आले होते. चिमीला सासूबाईंपाशी ठेवून आलेय. दुसऱ्या दिवशी परत निघायचं म्हणून पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. पण आदल्या संध्याकाळी वळीव झाला. चांगला तासभर कोसळला. सकाळी आबा रानात गेले, मूठभर माती उचलली, दाबली, बोटं उघडली. माती फुटली. वाफसा आला होता, रान नांगरण्याजोगं झालं होतं. घरी येऊन ते मला म्हणाले, "उद्या तुझ्या आईचं रान पुरं करू."

आई, वर्षभरात ते माझ्याशी एवढं लांब वाक्य बोलले नव्हते. नाही कसं म्हणू?

तुझं रान. मेंढरं विकून घेतलेलं. मेंढरं गेली त्या दिवशी तू रडली नाहीस. संध्याकाळी मात्र त्यांच्या रिकाम्या जागेत कितीतरी वेळ झाडू मारत होतीस. तिथं झाडण्यासारखं काही उरलं नव्हतं, मी बघत होते. मग हे माळाचं रान आलं. किती पिढ्यांच्या मेंढरांनी चरलेलं आणि नांगर म्हणून कधी न बघितलेलं! वरून गवत दिसतं. आत मुळ्यांचं असं काही विणकाम, की कुदळ मारली तर कुदळच उसळून अंगावर येते. आबा म्हणाले, एक फाळ याला काय करणार? त्यांनी तीन फाळांचा नांगर जोडला. एका फेरीत तीन तासं, म्हणजे तीन चर, पडतील, रान लवकर उरकेल, असा त्यांचा हिशोब.

आणि म्हातारा पुढून उचलायला लागला.

पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला खोटंच वाटलं. मागं तिन्ही फाळ गवतात रुतले, म्हाताऱ्यानं ओढ घेतली आणि पुढची दोन्ही चाकं जमीन सोडून वर! हातभर वर! आबा स्टिअरिंग फिरवतायत आणि ते नुसतंच हवेत फिरतंय. ट्रॅक्टर त्याच्या मनाला येईल तिकडं चाललाय, आणि उताराच्या अंगाला ओघळ. पुरुषभर खोल ओघळ.

आपल्याकडं यावर ठरलेला उपाय आहे. घरातलं एक माणूस उचलून पुढं बसवायचं. वजनाला. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मी विचारलं होतं, दगड का नाही बांधत? तर आबा म्हणाले, दगड सुटला तर चाकाखाली येतो. मग माणूस सुटलं तर? ते मात्र कुणी बोललं नाही. तू लुगडं खोचून पुढं झालीस. "कशाला दगूड? मी हाय की मोप वजनाची."

आबांनी पुढं बंपरवर फळी बांधली. तू पदर कानावरून घट्ट आवळलास, एका हातानं फळी धरलीस आणि दुसऱ्या हातात मेंढरांमागची तुझी काठी, टोकाला आबांच्या जुन्या मुंडाशाचा लाल तुकडा बांधलेली. मी म्हटलं, ही कशाला? तू हसलीस. मला वाटलं, बिरोबाचं निशाण असेल. म्हातारा खाली बसला, चाकं जमिनीला लागली, आणि तू गवत फाडत निघालीस.

मी डोळे मिटून घेतले होते, तुला दिसलं असणारच. फेरी पुरी करून आलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "भित्री भागूबाई! उघड डोळं. मेंढरांच्या म्होरं चालायचं तसंच हाय हे. फक्त हे मेंढरू लई वरडतंय."

भित्री तर भित्री! मला सांग, जो माणूस घसरला तर पुढं लहान चाक, त्याच्या मागं मोठं, आणि ती दोन्ही चुकली तर तीन फाळ, त्यानं हसावं कशाच्या जोरावर? दर वळवाला तू एकेक तुकडा असा मोडत गेलीस. माझं लग्न झालं, चिमी झाली, तरी मे महिना आला की मी इंदापुरात दिवसातून दहादा आभाळाकडं बघायचे. ढग आले की सासूबाई वाळवणं काढायला धावायच्या आणि मी मनात म्हणायचे, आज सुप्याकडं पडू नकोस बाबा. तुला हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर परत भागूबाई!

आणि मग गेल्या वर्षी तो दिवस आला.

एक गोष्ट आहे, आई. ती मी कुणाला विचारलेली नाही. आबांनाही नाही. आज ती बाहेर काढल्याशिवाय मला फळीवर बसता येणार नाही.

शेजारच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला तेव्हा निरोप्या एवढंच म्हणाला, "आई ट्रॅक्टरवर गेल्या." एवढंच. इंदापूरहून बारामती, बारामतीहून सुपं, दोन्ही एसट्यांत माझ्या डोळ्यांपुढं तेच. लहान चाक, मोठं चाक, फाळ. मी पोचले तोवर बायकांनी तुला न्हाऊ घालून हिरवं लुगडं नेसवलं होतं, मळवट भरला होता. चेहरा शांत होता. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका. बायका म्हणाल्या, "झोपल्यावानी गेली गं, काय सुदिक लागलं न्हाय." पण लुगडं पार तळपायांखाली ओढलेलं होतं. मी पाया पडले ते कापडावरूनच. पाय बघितले नाहीत. कापड बाजूला करायचा धीर झाला नाही.

आणि मागाहून वाटायला लागलं, एवढं खाली का ओढलं होतं? लेक येतेय म्हणून काही झाकलं होतं का? असं काही झालं की बायका सगळ्यांनाच "झोपल्यावानी" म्हणतात. पळसदेवला माझ्या चुलत नणंदेचा नवरा गेला तेव्हा मीही म्हटलं होतं, आणि मी काहीच बघितलेलं नव्हतं. वर्षभर मला रात्री तुझे पाय दिसतात. कसे दिसतात, ते तुला नको सांगायला.

आता तू म्हणशील, मग एवढी घाबरतेस तर बसतेस कशाला? ऊठ आणि इंदापूरला जा.

जाणार होते. नाही म्हणवत नव्हतं, तरी काल रात्री मी आबांना स्पष्ट सांगितलं, मी नाही बसणार, मला लेक आहे. आज सकाळी उठून बघते तर अंथरूण रिकामं. पळत रानात आले. आबा एकटेच म्हाताऱ्यावर, मागं तीन फाळ जमिनीत, पुढची चाकं वर, आणि सगळं धूड तिरकं तिरकं ओघळीकडं सरकतंय! मी किंचाळले. त्या आवाजात माझं किंचाळणं कुठलं ऐकू जायला? डिझेल संपलं म्हणून म्हातारा थांबला, आई. ओघळ तिथून किती लांब होती? घरातल्या घरात चुलीपासून दारापर्यंत जेवढं.

आबा उतरले. ओघळीकडं बघितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "वाफसा जाईल."

मी म्हटलं, "डिझेल घेऊन या. मी बसते."

यावर ते नुसते मान हलवून सायकलकडं गेले. थँक्यू बिंक्यू आपल्या घरात कुठलं असायला!

रान थोडंच राहिलंय. मधली एक पट्टी. तू गेलीस तिथंच नांगर उचलला होता, तो परत टेकलाच नाही. दोन्हीकडं नांगरलेलं, पेरलेलं, कापलेलं, आणि मधे तेवढं गवत उभं आहे, पिवळं. वाऱ्यानं हललं की तिथं कुणीतरी आहे असं वाटतं. मी त्याच्याकडं पाठ करून बसलेय.

सायकल दिसली. पायवाटेनं येतायत. आई, तू हसत होतीस ते खरं होतं ना? तेवढं तरी खरं असू दे. मी जाते.

*

आई, संध्याकाळ झालीय. ओट्यावर बसून लिहितेय, चहा जवळ आहे. मी धड आहे. आबाही धड आहेत. आधी एवढं सांगून टाकते, नाहीतर तू "मधलं ऱ्हायलं" म्हणत बसशील. आता मधलं ऐक.

आबांनी डिझेल ओतलं. फळीवर पोतं दुमडून ठेवलं आणि मला म्हणाले, "हितं बस. पाय हितं रोव. ह्या हातानं फळी धर." मग टूलबॉक्सच्या मागून तुझी काठी काढली. लाल तुकडा उन्हानं गुलाबी झालाय. "आन् ह्या हातानं ही."

मी म्हटलं, "कशाला? दोन्ही हातांनी धरू दे की मला!"

"उभी धरायची. बॉनेट उच्ची हाय, वर ती हवेची नळी. म्होरं बसलेलं माणूस मला दिसत न्हाय. काठी दिसती. काठी उभी हाय तंवर माणूस हाय. काठी पडली की मी पाय देतो क्लचवर."

निशाण! मी इतकी वर्षं बिरोबाचं निशाण समजत होते! आणि तू, एका हातानं जीव धरून दुसऱ्या हातानं आबांना सांगत होतीस, मी आहे, मी आहे, मी आहे. मला का नाही सांगितलंस गं? निदान मी डोळे उघडून काठीकडं तरी बघितलं असतं.

बसले. फळीच्या कडेला हात घातला तर बोटांना काहीतरी जाड लागलं. वाकून बघितलं. तू कडेला लोकरीची दोरी गुंडाळली होतीस. आपल्याच मेंढरांची, काळी. झिजली तिथं वरून आणखी, ती झिजली तिथं आणखी. घामानं घट्ट झालेली. बरोबर हाताची मूठ बसेल एवढी.

ज्याला भीती वाटत नाही, तो धरायला एवढी दोरी कशाला गुंडाळेल, आई?

मला तिथल्या तिथं हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. भागूबाई! तू पण! लोकांदेखत मला नावं ठेवत होतीस, आणि घरी बसून गुपचूप दोरी वळत होतीस! तुझा असा राग आला, की त्या रागातच मी काठी उभी धरली आणि आबांनी गिअर टाकला.

राग लगेच पळाला. काय सांगू तुला, तुला ठाऊकच आहे ते. पाठीला इंजिनाची धग. दात दातावर आपटतात. फाळ रुतले की फळी अंगाखालून वर येते, आकाश मोठं होतं, मग धाडकन खाली. मुळ्या तुटताना कापड फाटल्यासारखा आवाज येतो, तो मागून येतो पण वाटतं आपल्याच पाठीत होतोय. गवत समोरून येतंय, येतंय आणि पायाखाली जातंय. मी मोठमोठ्यानं ओरडत होते, "आहे, आहे, आहे!" आबांना ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही. चिमीचं नाव घेत होते. तुझं घेत होते. एक फेरी झाली. दुसरी झाली. खांदा भरून आला, काठी जड व्हायला लागली. तू हे सकाळपासून दुपारपर्यंत करायचीस, नंतर येऊन भाकरी थापायचीस!

मग पट्टीच्या मधोमध कुठला तरी फाळ खडकाला लागला.

पुढची चाकं एकदम वर उडाली. मी विचार केला नाही. दोन्ही हातांनी फळी धरली. काठी सुटली.

आणि म्हातारा थांबला.

मी खाली आपटायच्या आधी त्याची ओढ गेली होती. चाकं जमिनीला टेकली ती जागच्या जागी, पुढं गेली नाहीत. इंजिन नुसतं घुरघुरत होतं. मी डोळे उघडले. काठी उजव्या चाकाच्या पुढं पडली होती. चाक आणि काठी यांच्यात वीतभर गवत उभं होतं. काठी मोडलेली नव्हती. लाल तुकड्यावर माती पण लागली नव्हती.

आबा आले. धावत आले, आई. आबा धावताना मी शेवटचं कधी बघितलं होतं, आठवत नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. ते खाली बसले आणि माझे पाय चाचपायला लागले. घोटे, बोटं, तळवे. म्हातारा बाप लेकीच्या पायांना हात लावतोय, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

मग मी विचारलं, "आबा, आईच्या पायांवरून चाक गेलं होतं का?"

त्यांनी वर बघितलं.

"कोण म्हणलं तुला?"

"कुणी नाही."

"न्हाय गं." ते तिथंच गवतात बसले. "काठी वाकाय लागली तवाच मी पाय दिला. पडूस्तवर थांबलो न्हाय. येऊन बघतो तर ट्रॅक्टरच्या म्होरच्या जाळीला डोस्कं टेकून बसलेली. फळीवरच. मूठ तशीच. मला वाटलं, डोळा लागला." मग म्हणाले, "तुला बायकांनी सांगितलं न्हाय व्हय?"

"सांगितलं होतं. खरं वाटलं नाही."

"मग आता?"

मी चाकापुढच्या काठीकडं बघितलं. वर्षभर जे पाय मला दिसत होते, ते मी त्या वीतभर गवताकडं बघत बसल्यावर दिसेनासे झाले. अगदी सगळे गेले असं नाही म्हणत. पण आता ते दिसायला लागले, की मी काठी आठवणार.

मी उठले आणि म्हटलं, "आबा, मी आता बसणार नाही. आणि तुम्हालाही एकट्याला जाऊ देणार नाही. आडवी पडेन पुढं."

मला वाटलं चिडतील. ते हात गुडघ्यावर ठेवून बसले होते, आणि हात थरथरत होते, माझ्यासारखेच. भित्रेपणा मी कुणाकडून घेतला, ते मला आज कळलं. तुझ्याकडून अर्धा आणि त्यांच्याकडून अर्धा!

म्हणाले, "मागचा फाळ काढू."

नांगराचा सगळ्यात मागचा फाळ, गं. बोल्ट गंजले होते. डिझेल सोडलं, पान्याला पाईप लावून दोघांनी जोर केला, तेव्हा कुठं हलले. फाळ काढून बांधावर ठेवला. राहिले दोन. आबा चढले, नांगर टेकला, म्हातारा निघाला. मी बाजूनं चालत होते, नजर फक्त पुढच्या चाकांवर. आता उचलतील, आता उचलतील.

उचलली नाहीत.

एकदाही नाही. फळीवर कुणी नव्हतं आणि दोन्ही चाकं जमिनीला धरून गुमान चालली होती.

आई! एवढंच होतं? एक फाळ काढायचा होता? फेऱ्या वाढल्या असत्या, आणखी दिवस गेले असते, बस्स! तू वजनाला बसायची गरजच नव्हती! सगळे उन्हाळे, ती दोरी, माझं ते आभाळाकडं बघणं, कशासाठी? फेरी संपवून आबा आले तसं मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "हे तुम्हाला माहीत नव्हतं का?"

"माहीत हुतं," ते म्हणाले. "पयल्याच वर्साला मी पाना घेतला हुता हातात. तीच न्हाय म्हणाली. म्हणाली, मेंढरं गेली, आता मी कुणाच्या म्होरं चालू? घरात बसवताय व्हय मला? ऱ्हाऊ द्या फाळ."

खरं आहे का हे? सांग ना! तू असं म्हणाली होतीस, की बायको गेल्यावर माणूस स्वतःच्या मनाची अशी समजूत घालतो? मला कळत नाही. तुझा स्वभाव आठवला तर वाटतं, म्हणाली असशील. त्या रिकाम्या जागेत झाडू मारणारी तू आठवली तर नक्कीच म्हणाली असशील. पण आबांनी ऐकायला नको होतं. तू हट्ट धरलास आणि त्यांनी ऐकलं, आणि तुम्हा दोघांपैकी एकानंही माझा विचार केला नाही. हे मी तुला रागानं लिहितेय, ऐकून घे. परत म्हणून दाखवणार नाही.

आणखी एक गंमत सांगते. दोन फाळांवर रान छान चाललं होतं, पण आबा मधेच थांबायचे. उगाच. चार पावलं गेले की क्लच. परत गेले की क्लच. मी विचारलं, काय होतंय? तर ओशाळून म्हणाले, "काठी दिसंना. पाय आपसूक जातोय."

मग मी बांधावरची तार आणली. तुझी काठी बंपरला उभी धरली आणि खालून वर घट्ट तार गुंडाळली, लाल तुकडा वर ठेवून. आबांनी बसून बघितलं, मान हलवली आणि पुढची फेरी न थांबता केली. तुझं रान आज पुरं झालं, आई. मधलं गवत पालथं पडलंय, मुळ्या वर. उद्या मी इंदापूरला जाईन.

भीती गेली असं समजू नकोस. पुढच्या वळवाला ढग आले की मी परत आभाळाकडं बघत बसणारच. पण मी तुला शब्द देते. तुझ्या फळीवर आता कुणी बसणार नाही. मी नाही, चिमी नाही, आपल्या घरातलं कुणी नाही, आणि रानात दुसऱ्या कुणाच्या ट्रॅक्टरपुढं बाई बसलेली दिसली तर मी आडवी जाईन, मला कुणी काही म्हणो. फळी मी सोडून घरी आणलीय, दोरीसकट, माझ्या पिशवीपाशी ठेवलीय. काठी मात्र तिथंच राहील. दर वर्षी येऊन तार मी स्वतः आवळून जाईन, म्हणजे ती पडणार नाही आणि आबांना थांबावं लागणार नाही.

तुझीच भागूबाई,
शालन